चारपेक्षा मोठा आकडा

मंगलने ती स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरचा छोटा प्रोग्राम, दोन दिवसांत लिहिली. तिसऱ्या दिवशी ती चालू झाली आणि आठवडा संपायच्या आत डॉक्टर महेशकुमारांनी सगळ्यांसमोर मंगलचं कौतुक केलं.

गुलबर्ग्यात बसस्टँडमागच्या गल्लीत डॉक्टरांचं रक्ततपासणीचं केंद्र होतं. आळंद, हुमनाबाद, बसवकल्याण या तालुक्यांतल्या गावांत शिबिरं भरत आणि तिथले नमुने इथं येत. तपासणीचे आकडे गोळा करून रिपोर्ट छापणारा मोठा प्रोग्राम केंद्रातल्याच कल्लप्पांनी बारा वर्षांपूर्वी लिहिला होता. कल्लप्पा आता अठ्ठावन्न वर्षांचे होते. बोलायला हळू, कामाला त्याहून हळू. कागदी रिपोर्ट गावात पोचायला आठ-आठ दिवस लागत, म्हणून डॉक्टरांना वाटलं, रुग्णांच्या फोनवर लगेच मेसेज जावा. सुरुवात मूत्रपिंडाच्या तपासणीपासून. ज्याचा आकडा धोक्याच्या वर आहे त्याला ‘ताबडतोब दवाखान्यात जा’ आणि बाकीच्यांना ‘तातडीचं काही नाही, सवडीने डॉक्टरांना दाखवा’. कल्लप्पांनी दोन महिने मागितले. त्यांच्या हाताखालची मंगल म्हणाली, दोन दिवस.

तेव्हा कल्लप्पांनी तिला एकदाच टोकलं होतं.

“मी ज्या भाषेत लिहितो ना मंगल, ती आधी सगळं वाचती. पहिल्या ओळीपासनं शेवटपर्यंत. माहिती ठेवायच्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावावी लागती, ह्यात आकडा हाय, ह्यात अक्षरं हायत. एक चिठ्ठी चुकली की प्रोग्राम तयारच होत न्हाई, अडून बसतो. तुझी स्क्रिप्ट वाचत वाचतच कामाला लागती. डब्यात काय हाय ते ती विचारत न्हाई.”

“म्हणून तर ती लवकर होती, अण्णा.”

“व्हय, लवकर होती. एका प्रोग्रामनं दिलेली फाईल उचलून दुसऱ्याला द्यायची, असल्या कामाला तिच्यासारखी न्हाई. मी पण वापरतो की. पण कुणाला तातडी अन् कुणाला न्हाई, हा निवाडा माझ्या प्रोग्रामातच राहू दे.”

मंगलने तो तिथं राहू दिला नाही. डॉक्टरांना धोक्याची मर्यादा स्वतःला बदलता यायला हवी होती, आणि कल्लप्पांच्या प्रोग्रामात एक आकडा बदलायचा तर सगळा प्रोग्राम पुन्हा बांधावा लागे. मंगलने ती मर्यादा एका साध्या फाईलमध्ये ठेवली. स्क्रिप्ट ती फाईल वाचायची, रुग्णाचा आकडा वाचायची, दोन्ही ताडून बघायची आणि मेसेज पाठवायची. अडीचशे ओळी. तिने एक पूर्णांक एक, तीन पूर्णांक नऊ, साडेसात असे खोटे आकडे घालून पाहिले. सगळे मेसेज बरोबर गेले. पहिल्या पंधरवड्यात सहा माणसं मेसेज बघून वेळेवर दवाखान्यात पोचली. निंबर्ग्यात तिचे वडील गुंडेराव येईल त्या माणसाला सांगायचे, “गुलबर्ग्याहून मेसेज येतो ना, तो आमची मंगल पाठवती.”

म्हणूनच गुरुबाई तिला शोधत आली.

तो गुरुवार होता, सकाळचे साडेदहा. काउंटरवरच्या मुलीने आत येऊन सांगितलं, तुमच्या गावची बाई आली आहे. मंगल हसत बाहेर गेली. गुरुबाई मंगलच्या घरापासून चार घरं सोडून राहायची. पन्नाशीची बाई, शिबिरं भरली की गावातल्या म्हाताऱ्यांना हात धरून आणणारी. तिच्या एका हातात घडी घातलेला कागद होता, दुसऱ्या हातात फोन.

“बस की अक्का. चहा सांगू?”

“चहा नको मंगल. शिवशंकर गेला, कळलं का तुला?”

शिवशंकर तिचा धाकटा भाऊ, तिच्याच घरात राहणारा. चव्वेचाळीस वर्षांचा, गावात वायरिंगची कामं करणारा. मंगलला कळलं नव्हतं.

“गेल्या मंगळवारी. पाय सुजले होते, दम लागायला होता. तेच्या आधी शिबिरात रक्त दिलतं. मेसेज आला, तातडीचं काई न्हाई म्हणून. मग तो कामालाच जात ऱ्हायला. म्हणाला, फुडच्या महिन्यात दाखवतो.” गुरुबाईने कागदाची घडी उलगडली. “हा कागद काल आला. आळंदच्या डॉक्टरला दाखवले. ते म्हणले, हा आकडा बघून कोणी घरी बसवत न्हाई. मला भांडायचं न्हाई मंगल. मला एवढंच सांग, ह्यातलं खरं कोणचं? कागद का मेसेज?”

कागदावर क्रिएटिनिनपुढे अकरा पूर्णांक आठ छापलं होतं. मूत्रपिंडं रक्त किती साफ करतात ते सांगणारा आकडा. दीडच्या आत असला की बरा. डॉक्टरांनी तातडीची मर्यादा चार ठेवली होती.

मंगलने तो आकडा दोनदा वाचला. “अक्का, मी बघून सांगते. बस जरा,” एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

आत आल्यावर तिने दार लावून घेतलं. स्क्रिप्ट उघडली आणि खोटा रुग्ण म्हणून अकरा पूर्णांक आठ घातला. उत्तर आलं, तातडीचं काही नाही. तिने नऊ पूर्णांक आठ घातला. ताबडतोब दवाखान्यात जा. दहा घातला. तातडीचं काही नाही. चौदा. तातडीचं काही नाही. वीस, म्हणजे अशा माणसाला उठताही आलं नसतं. तातडीचं काही नाही.

तिने ती ओळ काढून वाचली. रुग्णाचा आकडा मर्यादेपेक्षा मोठा आहे का, एवढीच ओळ. तिच्यात काहीच चुकलेलं दिसत नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं. दोन्ही आकडे फाईलमधून आलेले होते, आणि फाईलमधून जे येतं ते अक्षरं म्हणून येतं. तिने त्यांचे आकडे करून घेतलेच नव्हते. स्क्रिप्ट त्यांना शब्दांसारखं ताडत होती, जसं शब्दकोशात पहिलं अक्षर बघून शब्द लावतात. अकराचं पहिलं अक्षर एक, मर्यादेचं पहिलं अक्षर चार. एक आधी येतो, चार नंतर. म्हणून अकरा चारपेक्षा लहान. नऊपर्यंत सगळं बरोबर चालत होतं. दहाच्या पुढे, म्हणजे जे सगळ्यात जास्त आजारी होते नेमक्या त्यांनाच, स्क्रिप्ट घरी बसा म्हणत होती.

कल्लप्पांच्या भाषेने ही ओळ पहिल्याच दिवशी नाकारली असती. अक्षरांना मोठं-लहान विचारू नकोस म्हणून अडून बसली असती. हिने एकदाही कुरकुर केली नव्हती.

मंगल बाहेर जायला उठली. आणि मग तिला दुसरा विचार आला, जो आधीच यायला हवा होता. शिवशंकर एकटाच असेल कशावरून?

तिने कल्लप्पांना हाक मारली. ते खुर्ची ओढून शेजारी बसले, ती ओळ वाचली, आणि चष्मा काढून हातात धरला.

“किती दिवस झाले चालू होऊन?”

“तेवीस.”

“तेवीस दिवसांत दहाच्या वर कोण कोण, ते काढ.”

तिची बोटं चुकीच्या कळांवर पडायला लागली. कल्लप्पांनी कीबोर्ड आपल्याकडे घेतला. तीन नावं निघाली. पहिलं शिवशंकरचं. दुसरी गुलबर्ग्यातलीच एक बाई. मंगलने फोन लावला तर तिच्या मुलाने सांगितलं, आईचं डायलिसिस दोन वर्षांपासून चालू आहे, मेसेजकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. मंगलने त्या नावापुढे खूण केली. तिसरं नाव आप्पाराव, वय एकसष्ट, गाव राजेश्वर, आकडा तेरा पूर्णांक सहा. मेसेज जाऊन सहा दिवस झाले होते.

आप्पारावांचा फोन बंद होता. तिने पाच वेळा लावला.

डॉक्टर महेशकुमारांनी सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि मग घट्ट झाला.

“आधी ओळ दुरुस्त कर,” ते म्हणाले. “मग जुने मेसेज काढून टाक. कागदावरचा आकडा बरोबर होता. आपण कागदाला बांधील आहोत. मेसेज ही जादाची सोय होती.”

“सर, एक माणूस गेलाय. दुसऱ्याचा फोन लागंना झालाय.”

“अकरावर गेलेला माणूस काही मेसेजनं वाचत नसतो मंगल. हे बाहेर गेलं तर केंद्र बंद होईल. इथली चौदा माणसं घरी बसतील, आणि तुझं नाव सगळ्यात वर असेल. विचार कर.”

मंगलने विचार केला. खरं म्हणजे त्या क्षणी तिला तेच हवं होतं. ओळ दुरुस्त करावी, मेसेज पुसावेत, बाहेर जाऊन गुरुबाईला सांगावं की नेटवर्कची काही गडबड झाली असेल. कोणी कधीच पकडलं नसतं. त्या केंद्रात ती ओळ वाचू शकणारी दोनच माणसं होती.

दुसऱ्या माणसाने खिशातून गाडीची किल्ली काढली.

“स्क्रिप्ट मी बंद केलो सर,” कल्लप्पा म्हणाले. “पुसलो काई न्हाई. आम्ही राजेश्वरला जायलोय.”

बाहेर येताना मंगलने काउंटरकडे बघितलं. गुरुबाई बाकावर ताठ बसली होती. मंगलचे पाय मागच्या दाराकडे वळले. त्या दाराने ती बाहेर पडली, आणि नंतर कायम तिला त्याची लाज वाटत राहिली.

गाडी हुमनाबादच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना तूर वाळत उभी होती. मंगल दर पाच मिनिटांनी फोन लावत होती आणि तोच बाईचा आवाज कन्नडमध्ये सांगत होता की फोन बंद आहे. तिला राजेश्वरच्या एका घरापुढे जमलेली माणसं दिसायला लागली. तिने डोळे मिटले तरी दिसत राहिली.

“अण्णा, तुम्ही मला बोलत कामून न्हाईत?”

“काय बोलू? स्क्रिप्ट मला दाखवलीस तवा मी वरवर बघितलो. तुझ्यावर राग हुता माझा, दोन दिवसात केलीस म्हणून. म्हणलं, हिची हिनं निस्तरू दे.” त्यांनी समोरच्या ट्रकला वाट दिली. “भाषेला नावं ठेवायला सोपं हाय. माझी भाषा पण मी चुकीचा आकडा लिहिला तर तो मुकाट्यानं घेती. ती फक्त एक दार जास्त लावती. तुझ्या भाषेत ते दार आपल्याला लावावं लागतंय. तू लावलीस न्हाई, मी बघितलो न्हाई.”

राजेश्वरला आप्पारावांचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारापुढे गर्दी नव्हती. त्यांची बायको गीताबाई अंगणात सुपात डाळ पाखडत होती. ते बघून मंगलला रडू यायचं बाकी राहिलं.

“गुलबर्ग्याच्या तपासणी केंद्रातनं आलोय,” कल्लप्पा म्हणाले. “आप्पाराव हायत का?”

“हायत की. झोपल्यात. तीन दिस झाले, नुसते झोपायलेत. फोनला चार्जिंग लावा म्हणलं तर ते पण लावंना झालेत.” गीताबाईने सूप खाली ठेवलं. “सोमवारी बसवकल्याणच्या डॉक्टरकडं जायचं हुतं. पर तुमचा मेसेज आला. तातडीचं काई न्हाई. मग ऱ्हायलं. साऱ्या गल्लीला दाखवले त्यांनी.”

आत बाजेवर आप्पाराव कुशीवर पडले होते. चेहरा फुगलेला, तोंड उघडं. श्वास मोठा आणि खोल येत होता, पळून आल्यासारखा, आणि माणूस मात्र हलत नव्हता. कल्लप्पांनी खांदा हलवला. त्यांनी डोळे उघडले, कोणाकडे तरी बघितलं, आणि पुन्हा मिटले.

“काका,” मंगल म्हणाली. “काका, ऐकू यायलंय का?”

“जेवण झालं,” आप्पाराव म्हणाले. बाकी काही नाही.

शेजारच्या दोघांनी उचलून त्यांना गाडीत घातलं. मागच्या सीटवर डोकं गीताबाईच्या मांडीवर आणि पाय मंगलच्या. हुमनाबादचा सरकारी दवाखाना जवळ होता. तेवढी वाट मंगलने त्यांच्या छातीकडे बघत काढली. एक श्वास आला की ती दुसऱ्याची वाट बघायची. मध्ये एकदा तो इतका लांबला की तिने त्यांचा पाय घट्ट धरला, जणू धरून ठेवलं तर माणूस जाणार नाही.

“मेसेजमधे तर काई न्हाई म्हणलतं,” गीताबाई हळूच म्हणाली. ती कोणाला विचारत नव्हती.

“मेसेज चुकीचा होता, मावशी. तो मी लिहिलेल्या प्रोग्राममुळं चुकला.”

गीताबाईने तिच्याकडे बघितलं. तिला ते समजलं की नाही, मंगलला कळलं नाही. ती पुन्हा नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवायला लागली.

दवाखान्यात कल्लप्पांनी केंद्रातून आणलेला रिपोर्ट बघितल्याबरोबर स्ट्रेचर आत गेलं. दीड तासाने डॉक्टरीणबाई बाहेर आली. डायलिसिसवर घेतलंय, म्हणाली. उद्यापर्यंत थांबला असतात तर सांगता आलं नसतं. आत्ताही चोवीस तास भरवसा देता येणार नाही.

संध्याकाळी साडेपाचला ते गुलबर्ग्यात परत आले तेव्हा गुरुबाई त्याच बाकावर होती. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, दोनदा जा म्हटलं, गेली नाही. मंगल तिच्या शेजारी बसली. आता पळायची ताकद उरली नव्हती.

“अक्का, कागद खरा हाय. मेसेज खोटा. माझी चूक झाली.” आणि तिने सगळं सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं. की यंत्राला अकरा चारपेक्षा लहान वाटला, कारण हे आकडे आहेत हे तिने त्याला सांगितलंच नव्हतं.

गुरुबाईने कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. “मेसेज बरोबर आला असता तर तो वाचला असता?”

“ठाऊक न्हाई. वाचला असता असं मी म्हणू शकत न्हाई. न्हाई असं पण म्हणू शकत न्हाई. पण तेला कळलं असतं. तो दवाखान्यात गेला असता.”

“व्हय. गेला असता. आळशी नव्हता तो.” गुरुबाईने कागद घडी करून पदराला बांधला. “हे पवित्राला तू सांग. मी न्हाई सांगणार.”

पवित्रा म्हणजे शिवशंकरची बायको.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मंगल आणि गुरुबाई निंबर्ग्याला गेल्या. मंगल आधी घरी गेली आणि गुंडेरावांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खुंटीवरची टोपी घातली आणि लेकीबरोबर निघाले. चार घरांचं अंतर मंगलला संपू नये असं वाटत होतं. काय होईल ते तिने रात्रभर मनात बघितलं होतं. दार लावून घेतील. मारतील. गावातून काढतील. वडील इतकी वर्षं ज्या गल्लीत मान वर करून चालले, तिथं त्यांना खाली बघावं लागेल.

पवित्रा भिंतीला टेकून बसली होती. मंगल उभी राहूनच बोलली, कारण बसायला कोणी सांगितलं नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर पवित्रा उठून आत गेली आणि शिवशंकरचा फोन घेऊन आली.

“हे पुसून टाक ह्यातनं,” ती म्हणाली. “फोन उघडला की तेच दिसतंय.”

मंगलने फोन घेतला. मेसेज सगळ्यात वर होता. एक बोट लावायचं काम होतं.

“पुसू नको वहिनी,” ती म्हणाली. “हे लागंल. मी चौकशीचं पत्र देणार हाय. तुमच्याकडं एवढाच पुरावा हाय, माझ्याविरुद्ध.”

पवित्राने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग फोन परत घेतला. “जा आता तू,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण त्याहून वाईट होता. गुंडेरावांनी उंबऱ्यात हात जोडले. कोणी उलट जोडले नाहीत.

जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र गेलं. त्याखाली दोन सह्या होत्या, मंगलची आणि कल्लप्पांची. चौकशी दीड महिना चालली. मेसेज बंद झाले, केंद्र तीन आठवडे बंद राहिलं आणि मग पुन्हा उघडलं. डॉक्टरांनी दोघांनाही कामावर परत घेतलं नाही. पवित्राला केंद्राकडून भरपाई मिळावी म्हणून निंबर्ग्याच्या काही माणसांनी अर्ज केला. तो अजून चालू आहे, आणि मंगल प्रत्येक तारखेला जाऊन जबानी देते.

आप्पाराव वाचले. आठवड्यातून दोनदा गीताबाई त्यांना हुमनाबादला नेते. एका सोमवारी मंगल भेटायला गेली तेव्हा हाताला नळ्या लावलेल्या होत्या आणि ते छताकडे बघत पडले होते.

“तूच का ती?” त्यांनी विचारलं.

“व्हय काका.”

“यंत्र चुकलं म्हणायलेत सगळे.”

“यंत्र न्हाई. मी चुकले.”

आप्पारावांनी मान वळवायचा प्रयत्न केला. “उशी जरा वर घे. मान अवघडली.” मंगलने उशी वर घेतली. मशीनचा आवाज एकसारखा येत होता. तिला वाटलं, ह्याच्या आतही कोणीतरी लिहिलेल्या ओळी असतील. त्या कोणी तपासल्या असतील, कशा तपासल्या असतील. डायलिसिस संपेपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि मशीनच्या छोट्या पडद्यावरचा आकडा बदलला की दर वेळी तो वाचून बघत राहिली.